चहा-कॉफी व क्षुधा

चहा व कॉफी या पेयांचा भुकेवर व अन्नग्रहणावर होणारा परिणाम आणि त्याविषयीच्या कल्पनांचा इतिहास. दोन्ही पेयांतील मुख्य क्रियाशील घटक कॅफीन हे अल्कलॉइड होय. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून वेगळे केले. १८२७ मध्ये चहात आढळलेले ‘थेईन’ हेही कॅफीनच असल्याचे १८३८ मध्ये सिद्ध झाले.

ही पेये भूक मारतात हा समज खेडोपाडी दृढ आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील मिरचीच्या व्यापाराचे गाव. अशा बाजारपेठेत माल घेऊन आलेला शेतकरी व हमाली करणारा मजूर दुपारची भाकरी लांबली की चहावर वेळ काढतो. चहा वा कॉफी खानदेशात पिकत नाही. महाराष्ट्रात कॉफीची थोडी लागवड आहे ती विदर्भातील चिखलदरा परिसरात. येथील मूळ आहार ज्वारी-बाजरीची वा कळण्याची भाकरी, डाळ व मिरचीचा ठेचा असा असून चहा त्यात मागाहून शिरला.

चहा-कॉफीवर भूक भागते काय, हा प्रश्न यूरोपातही प्रथम श्रमिकांच्या संदर्भातच उपस्थित झाला. बेल्जियममधील शार्लरॉय येथील खाणकामगार तुटपुंज्या अन्नावर कष्टाचे काम करतात, याचे श्रेय फ्रेंच कृषितज्ञ गास्पारँ यांनी १८५० मध्ये त्यांच्या कॉफीला दिले. कॉफीमुळे शरीरातील ऊतकांची झीज मंदावते व त्यामुळे कमी अन्न पुरते, अशी उपपत्ती त्या काळी मांडली जात होती. कामगाराला थोडक्यात राबवू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची होती, हे सांगावयास नकोच. म्यूनिक येथील शरीरक्रियावैज्ञानिक फोइट यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉफी दिल्याने नायट्रोजनाचे उत्सर्जन घटत नसल्याचे दाखविले. म्हणजेच प्रथिनांची बचत होत नव्हती. पुढे तर वस्तुस्थिती याच्या उलट असल्याचे दिसून आले. सु. १०० मि.ग्रॅ. कॅफीन घेतल्यास विश्रांतीच्या अवस्थेतील चयापचयाचा वेग ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो, असे १९८९ मधील अभ्यासात आढळले.

महाराष्ट्रात चहाविषयीचा पहिला गाजलेला वाद पोटाचा नव्हे, तर शिवाशिवीचा होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानामुळे न्या. म. गो. रानडे, लो. टिळक प्रभृतींपुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. चहाच्या देशांतर्गत प्रसाराला १९०३ च्या चहा उपकर अधिनियमामुळे निधी मिळाला आणि रेल्वे स्थानके हे प्रचाराचे एक प्रमुख ठिकाण ठरले. कॉफीसाठी असा उपकर १९३५ मध्ये आला व १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले कॉफीगृह उघडले. तथापि मराठी घरात कॉफी बहुधा पाहुण्यांची वा आजाऱ्याची राहिली. जायफळ-वेलदोडा घातलेली, दुधाळ व गोड.

उपवासाशी या पेयांचा संबंध विशेष लक्षणीय आहे. एकादशी, चतुर्थी वा श्रावणी सोमवारी धान्य वर्ज्य. पण चहा-कॉफी चालते. परदेशी रोपाचे हे पेय उपवासाला कसे चालू लागले, याची शास्त्राधारे मीमांसा करण्याच्या भरीस कोणी फारसे पडले नाही! व्यवहारात मात्र ते भुकेची जाणीव काही काळ पुढे ढकलते, एवढा अनुभव पुरेसा ठरला.

या अनुभवाचे शारीरिक कारण अंशतः स्पष्ट झाले आहे. थकवा व झोप यांची जाणीव निर्माण करणाऱ्या ॲडिनोसीन या द्रव्याचे मेंदूतील ग्राही कॅफीन अडवून धरते. त्यामुळे तरतरी येते व भुकेने आलेली ग्लानी ओसरते; भूक मात्र भागत नाही. जेवणापूर्वी अर्धा ते चार तास घेतलेल्या कॅफीनामुळे त्या जेवणात अन्न किंचित कमी जाऊ शकते. परंतु निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१२ च्या एका लहान प्रयोगात तर पाण्यातून दिलेल्या कॅफीनाचा परिणाम दिसला नाही, उलट कॅफीनविरहित कॉफीने भूक कमी झाली. तेव्हा कॉफीतील अन्य घटकही कार्य करीत असावेत. कॉफीने जठररसाचा स्राव वाढतो, म्हणून रिकाम्या पोटी काहींना जळजळ होते. गोड चहातून मिळणारी ऊर्जा अर्थातच साखर-दुधाची असते. १० ग्रॅम साखरेतून सु. ४० किलोकॅलरी मिळतात. एका भाकरीच्या मानाने ही ऊर्जा अल्प होय.

म. गांधींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात चहातील टॅनिनावर आक्षेप घेतला होता. कातडे कमावणारे हे द्रव्य जठराच्या अस्तरावरही तसाच परिणाम करून पचन बिघडविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जठराविषयीचे हे साम्य तसेच स्वीकारता येत नाही. पण संशयित त्यांनी योग्य निवडला होता. चहा-कॉफीतील पॉलिफिनॉले अन्नातील लोहाशी संयोग पावतात. १९८३ मधील एका प्रयोगात जेवणाबरोबर घेतलेल्या कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहाने ६४ टक्क्यांनी घटले. कॉफी जेवणापूर्वी एक तास घेतली असता घट झाली नाही; जेवणानंतर एक तासाने घेतली असता मात्र ती तेवढीच झाली. भाकरी-डाळीतील लोह वनस्पतिज असल्याने त्यास हा धोका अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याची कारणे अनेक असून चहा हे त्यांतील एकच. तरी सर्वांना वाढून झाल्यावर उरलेली अर्धी भाकरी चहाबरोबर खाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत अन्नाची तूट व लोहाची तूट एकाच कपात एकत्र येतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत जेवणापूर्वी व नंतर किमान एक तास ही पेये टाळावीत आणि दिवसाला ३०० मि.ग्रॅ.हून अधिक कॅफीन घेऊ नये, असे सुचविले आहे.