धन, ऋण आणि उलट दिशा

पांचांतून उणें तीन वजा केले तर आठ उरतात. हें प्रथमच ऐकणाऱ्या मुलास थट्टा वाटते. वजाबाकी केली आणि संख्या वाढली! बदनापूरच्या परिसरांत माझें आयुष्य शिकविण्यांत गेलें. "उणें उणें अधिक" एवढें घोकून उत्तीर्ण झालेले विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. 'कां?' असें विचारतांच ते गप्प होत. वास्तविक त्या 'कां'चें उत्तर आपल्या जुन्या गणितकारांनीं दिलेल्या नांवांतच आहे. तीं नांवें म्हणजे धन आणि ऋण.

इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचला. त्याच्या अठराव्या अध्यायांत ह्या संख्यांचे नियम आहेत. धनांत धन मिळविल्यास धन, ऋणांत ऋण मिळविल्यास ऋण. धन व ऋण एकत्र आल्यास त्यांचें अंतर घ्यावें, आणि दोन्ही सारखीं असल्यास शून्य. वजाबाकींत मात्र ऋणाचें धन होतें व धनाचें ऋण. हें समजण्यास वाण्याची वही पुरे. दुकानदाराजवळ रोकड आठ रुपये आणि देणें तीन. म्हणजे त्याची खरी मालमत्ता पांच. सावकारानें तें देणें माफ केलें. वहींतून तीन रुपयांचें ऋण वजा झालें आणि मालमत्ता आठ झाली. कोणीं त्याच्या हातावर पैसाही ठेवला नाहीं!

परंतु वहीचा दृष्टांत सर्वत्र चालत नाहीं. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं 'बीजगणितां'त एक वानरांचें उदाहरण घातलें आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून त्याचा वर्ग केला. तितकीं वानरें गुहेंत गेलीं, एक बाहेर दिसतें. तर कळप केवढा? उत्तरें दोन येतात, पन्नास आणि पांच. पांच घेतल्यास पंचमांश एक. त्यांतून तीन गेल्यावर उणें दोन वानरें! आचार्यांनीं तें उत्तर सोडून दिलें, कारण अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाहीं. मला हा त्यांचा मोठा प्रामाणिकपणा वाटतो.

मात्र ह्याच भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या 'लीलावतीं'त दुसरी वाट दाखविली. एका त्रिकोणाच्या बाजू दहा व सतरा, पाया नऊ. शिरोबिंदूपासून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडतो आणि पायाचे खंड येतात पंधरा व उणें सहा. येथें ऋण म्हणजे देणें नव्हे. ऋण म्हणजे उलट दिशा.

आमच्या बदनापूरच्या रस्त्यावर हें करून पाहावें. पूर्वेस जालना, पश्चिमेस यादवांची देवगिरी. बदनापूर शून्य धरा. जालन्याकडील कोस धन, देवगिरीकडील ऋण. एक गाडी जालन्याच्या बाजूस तीन कोसांवर, दुसरी देवगिरीच्या बाजूस दोन कोसांवर. अंतर किती? तिनांतून उणें दोन वजा करा, पांच कोस. हें मूलही बोटांवर मोजून ताडून पाहील.

एवढ्या सोप्या गोष्टीशीं इंग्रज विद्वानांचेंही भांडण झालें. १७५८ मध्यें फ्रान्सिस मॅसेरेस ह्यांनीं ग्रंथ लिहून ऋण राशी बीजगणितांतून घालवाव्या असा आग्रह धरला. आपल्याकडे तोंवर ब्रह्मगुप्ताच्या नियमांस अकरा शतकें होऊन गेलीं होतीं.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण राजाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यांनीं चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ काढला. शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा, त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं उजेडांत आणला. लेख बहुतेक संस्कृतांत आहे. दानाचा भाग मात्र जुन्या मराठींत आहे. पाटणच्या बाजारांत विकावयास येणाऱ्या मालावरील राजाची जकात त्यांत मठास लावून दिली आहे.