सांधलेला कणा आणि उरलेले दुखणे

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मित्रहो, मी तुमच्यापुढे ठेवणार आहे तो इतिहास एका माणसाच्या पाठीचा आहे. माणूस फार मोठा, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. पण दुखणे तुमच्याआमच्यातलेच. मणक्याचे ऑपरेशन झाले, हाडे सांधली, टाके निघाले, आणि तरीही पाठ दुखतच राहिली, अशी माणसे आपल्या ओळखीत सापडतील. “एवढा खर्च केला, आता आणखी काय दुखतंय?” असे घरचे विचारतात, आणि दुखणेकरी गप्प बसतो. ही हकीकत त्याच्यासाठी आहे. त्याहून अधिक त्याच्या घरच्यांसाठी आहे.

मणके सांधण्याची शस्त्रक्रिया निघाली ती मुळी क्षयरोगासाठी. क्षयाने मणके पोखरले की पाठीला कुबड येई आणि ते वाढत जाई. १९११ साली न्यूयॉर्क शहरात रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन शल्यवैद्यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, यावर उपाय काढला. अल्बी रुग्णाच्या नडगीच्या हाडाचा तुकडा काढून तो मणक्यांत बसवीत. हिब्ज त्याच मणक्यांच्या हाडाचे कपचे उचलून एकमेकांवर टेकवीत. मोडक्या फांदीला कामट्या बांधाव्यात तसा हा प्रकार. पोखरलेले मणके हलू नयेत आणि कुबड वाढू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

पुढे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली तर ती शिरेवर दाब आणते आणि कंबर व पाय दुखू लागतात. मग पाठीच्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया वाढल्या आणि मणके सांधण्याची युक्तीही तिथे वापरली जाऊ लागली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हाड जुळले की नाही, हे क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. दुखणे थांबले की नाही, ते त्या चित्रात दिसत नाही.

आता वळू या जॉन केनेडी यांच्याकडे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या महायुद्धात, सॉलोमन बेटांजवळ त्यांची लढाऊ बोट एका जपानी विनाशिकेने चिरून काढली. जखमी सोबत्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी तासन् तास पोहले. पाठीची तक्रार त्यांना आधीपासून होतीच. ती आता बळावली. १९४४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, पण गुण आला नाही. १९५४ मध्ये तर कुबड्यांशिवाय चालणे मुश्कील झाले.

त्यांना ॲडिसनचा विकारही होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी नीट काम देत नसत. अशा शरीराला मोठी शस्त्रक्रिया पेलणे अवघड, म्हणून काही डॉक्टरांनी नको म्हणून सांगितले. केनेडींनी तरीही ती करून घेतली. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला धातूची पट्टी बसवून मणके सांधण्यात आले. मागोमाग जंतुदोष झाला, शुद्ध हरपली, आणि धर्मगुरूंना बोलावून अखेरचे संस्कारही झाले. त्यातून ते वाचले. पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा पाठ उघडून ती पट्टी काढावी लागली.

एवढे सोसूनही पाठ दुखायची राहिली नाही. १९५५ मध्ये ते जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंचे लक्ष हाडापेक्षा स्नायूंवर अधिक. आखडलेल्या स्नायूंतली दुखरी ठिकाणे हाताने चाचपून तिथे त्या बधिरतेचे औषध टोचीत. एक पाय किंचित आखूड दिसला, तेव्हा त्यांनी बुटाच्या टाचेला उंची दिली. झुलत्या खुर्चीत बसायला सांगितले. ती खुर्ची पुढे जगभर गाजली. केनेडी कोमट पाण्यात पोहत, कमरेला पट्टा बांधत. जगाला तरणाबांड नेता दिसत होता. कुबड्या लोकांच्या नजरेआड राहात.

मे १९६१ मध्ये कॅनडात ओटावा येथे समारंभात झाड लावताना फावडे मारले आणि पाठ पुन्हा धरली. टोचण्या वाढल्या. तेव्हा भोवतालच्या काही डॉक्टरांनी हान्स क्राउस यांना बोलावले. हे मूळचे ऑस्ट्रियाकडचे, स्वतः कसलेले गिर्यारोहक. टोचण्या आवरा आणि स्नायूंना काम द्या, असे त्यांचे मत. १९६१ च्या शरदात आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू झाला. आधी अगदी हलका, मग हळूहळू वाढता. काही महिन्यांत राष्ट्राध्यक्षांची हालचाल पुष्कळ सुधारली. सुईने आराम मिळत होता, यात शंका नाही. पण पाठीला बळ आले ते व्यायामाने. तरी दुखणे समूळ गेले नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला डल्लासमध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हाही कमरेला पट्टा होताच. हा सारा तपशील लोकांना नीट कळला तो २००२ साली, इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना त्यांची वैद्यकीय कागदपत्रे पाहायला मिळाल्यावर.

मग हाडे सांधूनही दुखते का? कधी शिरेभोवती व्रणाची गाठ धरते. कधी सांधलेल्या मणक्यांचा भार शेजारच्या मणक्यांवर पडतो. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. आणि आणखी एक कारण आहे. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले, की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दरवाजा लागतो. तो कधी किलकिला राहतो, कधी सताड उघडतो. त्या मांडणीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ धडा टिकला: फार दिवस दुखत राहिले तर मज्जातंतू हळवे होतात, आणि जखम भरली तरी निरोप जातच राहतो. म्हणून दुखणेकरी सोंग करीत नसतो. त्याला खरोखरच दुखत असते.

२००३ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीच्या ६४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. काहींचे मणके सांधले. बाकीच्यांना त्यांचे दुखणे समजावून दिले, भीती घालवली आणि व्यायाम दिला. वर्षाअखेर दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे मणके सांधणे वाईट असे नव्हे. क्षय, मोड, सरकलेला मणका यांना ते अजूनही लागते. पण सांधून काम संपत नाही, एवढे खरे.

तेव्हा ऑपरेशननंतर पाठ दुखत असेल तर खचू नका. डॉक्टरांना विचारून चालणे सुरू करा. आज विहिरीपर्यंत, आठवड्याने देवळापर्यंत. बरे वाटले म्हणून एका दिवसात आठवड्याचे काम उपसू नका, आणि दुखले म्हणून अंथरूणही धरू नका. ताप आला, जखम वाहू लागली, पायातले बळ कमी होऊ लागले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांना एवढेच सांगणे: “अजून दुखतंय का?” हे उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. त्याऐवजी, “चल, जरा पाय मोकळे करून येऊ,” असे म्हणून सोबत निघा. केनेडींना पट्टा आणि कुबड्या लपवाव्या लागल्या, कारण लोक काय म्हणतील याची धास्ती होती. आपल्या घरातल्या माणसाला निदान ती धास्ती तरी नसावी.