दप्तराचा रुमाल मोडूं नये

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें घराघरांतील दप्तरांत आहेत, हें आतां नव्यानें सिद्ध करण्याचें कारण उरलें नाहीं. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस पटवर्धनांच्या कागदांवरून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' इ. स. १८९७ पासून छापण्यास आरंभ केला, कै. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें निघाला, आणि शके १८३२ (इ. स. १९१०) मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तथापि कागद वांचविणें निराळें आणि त्यांतील इतिहास वांचविणें निराळें, इकडे संग्राहकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

जुन्या मोडी पत्रांत पुष्कळदां नुसती मिति किंवा चंद्र असतो, साल नसतें. 'छ १२ रजब' एवढ्यावरून जंत्रीहि साल सांगूं शकत नाहीं. तें ठरतें शेजारच्या कागदांवरून: त्याच रुमालांतील सालवार हिशेबावरून, एखाद्या पावतीवरून, पत्राच्या उत्तरावरून. या बाबतींत दोष आमच्याकडेहि आहे. एका घरीं नक्कल करण्यासाठीं आम्हीं तीन पत्रें राजकारणाचीं म्हणून रुमालांतून वेगळीं काढलीं. पुढें साल ठरविण्याची वेळ आली, तेव्हां तीं कोणत्या कागदांमध्यें होतीं हें आठवेना. रुमालाचा क्रमहि तोंपर्यंत मोडला होता. पत्रें आज सुरक्षित आहेत. त्यांचें साल मात्र गेलें तें गेलेंच.

शिवाय, राजकारणाचीं पत्रें निवडून घेतल्यावर जे कागद 'किरकोळ' म्हणून मागें राहतात, गांवाचा इतिहास त्यांतच असतो. वतनाच्या तंट्यांत गोतसभेस कोण बसलें, हें महजरांतच कळतें. पाटलाची नांगराची निशाणी तेथेंच दिसते. धान्याचा दर, देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च, लग्नकार्यांतील देणेंघेणें हें सर्व जमाखर्चाच्या बंदांत सांपडतें. राजवाड्यांनीं आपल्या खंडांत वतनदार घराण्यांच्या कागदांस एवढी जागा दिली, तिचें मर्म हेंच होय.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, रुमाल सोडण्यापूर्वीं घराण्याचें नांव, गांव आणि कागदांचा अनुक्रम टिपून ठेवावा; प्रत्येक कागदावर मऊ शिसपेनीनें बारीक अंक घालावा; पाठीवरील शेरा नकलेंत सोडूं नये. हल्लीं प्रत्येक बंदाचें छायाचित्र क्षणांत घेतां येतें. परंतु त्यांतहि मूळचाच क्रम राहिला पाहिजे. दप्तर पुढें कोणत्याहि संस्थेंत जावो, तें ज्या घरीं जसें बांधलेलें होतें तसेंच तेथें पोंचावें, एवढेंच आमचें मागणें आहे.