संज्ञापनाचे शिक्षण : नागपूर ते मेंढा



“लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला प्रमाणपत्र कशाला हवे?” असा प्रश्न आमच्या कामगारांत नेहमी निघतो, आणि तो गैर नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ची सूत्रे हाती घेतली, १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून दिली. त्यांना या विद्येचे धडे कोणत्याही विद्यापीठाने दिले नव्हते. मग आज पदवीधराने संज्ञापनशास्त्राच्या प्रमाणपत्रासाठी पुन्हा बाकावर का बसावे?

विदर्भात या शिक्षणाचा प्रारंभ १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाला. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलँड वूल्झली यांनी तेथे वृत्तविद्येच्या विभागाची घडी बसविली. लाहोर, मद्रास, कलकत्ता व म्हैसूर येथे असे वर्ग आधीच निघाले होते. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा, तर दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. म्हणजे या बाबतीत नागपूर पुण्याच्या बारा वर्षे पुढे होते!

यात एक योग ध्यानी घेण्याजोगा आहे. ज्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यांनी गोंडांची भाषा व गीते टिपून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. गोंडी बोलणाऱ्यांच्या मुलांना मात्र नागपूरचा वर्ग दूरच राहिला. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी आमच्या जंगलातला बांबू तुटत होता. पण त्या कागदावर काय छापावे, हे ठरविणारे लोक दुसरीकडचे होते. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले ते २०११ मध्ये.

आता माझा अनुभव सांगतो. एका खाणीच्या फाटकावर सुरक्षिततेची सूचना इंग्रजीत लावलेली होती. पाळीवर जाणारे मजूर गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी बोलणारे. मी मराठीत पत्रक काढले आणि मोठे काम केले असे समजलो. एक म्हातारा कामगार म्हणाला, “भाऊ, कागद त्यांचाही आहे अन् तुमचाही आहे. आम्हाला कोणी विचारलं का?” शाळा अर्धवट सोडून पुस्तकांवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो पहिला खरा धडा मिळाला. सांगणे म्हणजे संज्ञापन नव्हे. ऐकणे हा त्याचा अर्धा भाग आहे.

हा धडा धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने आधीच गिरविला होता. तेथे अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतो, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने होतो. कायदा समजून घेऊन या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा मार्ग मोकळा केला.

म्हणून प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. आमच्या मुलामुलींनी ते जरूर मिळवावे. छपाई, ध्वनिक्षेपण, माहितीचा कायदा ही हत्यारे शिकल्यावाचून हाती येत नाहीत. पण परीक्षा विद्यापीठात संपत नाही. वर्गातून परतलेला पदवीधर फाटकावरच्या त्या म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत विचारू शकला आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे वरपर्यंत पोचवू शकला, तरच तो उत्तीर्ण झाला असे मी मानीन.