ओमचा नियम

गेऑर्ग झिमोन ओम या जर्मन शास्त्रज्ञाचा जन्म १७८९ साली बव्हेरियातील एर्लांगेन या गावी झाला. बाप कुलपे घडविणारा कारागीर. परंतु त्याने स्वकष्टाने गणित आत्मसात केले होते आणि तेच त्याने आपल्या मुलांना शिकविले. १८११ मध्ये ओमने एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. पदवीने पोट मात्र भरले नाही. अनेक ठिकाणी शिक्षकी केल्यावर १८१७ मध्ये तो कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. शाळेची प्रयोगशाळा बऱ्यापैकी सुसज्ज होती, आणि उपकरणे घडविण्याचे कसब तर त्याला घरीच लाभले होते.

विद्युत्शास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. व्होल्टाने १८०० मध्ये विद्युत्घट जगापुढे ठेवला होता. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई विचलित होते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले होते. पण घट प्रवाहाला लोटतो किती, तार त्याला अडविते किती आणि अखेर वाहतो किती, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्यांचा उलगडा करावयाचा तर एक स्थिर ठेवून दुसरी बदलणे, हाच मार्ग होता.

ओमचा पहिला प्रयत्न फसला. १८२५ मध्ये त्याने जे सूत्र प्रसिद्ध केले ते चुकीचे निघाले, कारण त्याचा विद्युत्घट तार जोडताच क्षीण होऊ लागे. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला एक मोलाची सूचना केली. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांना वेगवेगळे तापमान दिले असता वीज वाहते, हा झेबेकचा शोध तेव्हा नवा होता. घटाऐवजी त्याचाच उपयोग करावा, अशी ती सूचना. ओमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेत ठेवला व दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर ही तापमाने ढळत नाहीत. म्हणून दाबही ढळत नाही.

मग त्याने सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. विचलित झालेली सुई जागेवर आणण्यासाठी तिच्या टांगणीला द्यावा लागणारा पीळ, हे प्रवाहाचे माप. २ इंचांच्या तारेला हे माप सुमारे ३२७ आले, १३० इंचांच्या तारेला ४८.५. तार पासष्ट पट लांब झाली, पण प्रवाह केवळ सातव्या हिश्शाच्या आसपास उतरला! याचे मर्म ओमने ओळखले. बाहेरची तार अडविते, तशीच मंडलाची उरलेली बाजूही अडविते; तिचा रोध त्या तारेच्या सुमारे २० इंचांइतका होता. तो प्रत्येक लांबीत मिळविला की आठही आकडे हिशेबात बसत. एकूण रोध जितका वाढे, तितक्याच प्रमाणात प्रवाह घटे.

हाच ओमचा नियम. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. पुढे १८४१ मध्ये इंग्लंडातील जूल याने दाखविले की, तारेत दर क्षणाला निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोन्ही नियम जोडले की दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, हा निष्कर्ष निघतो. २३० व्होल्ट दाबावर ५ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध ४६ ओम, आणि शक्ती ११५० वॉट. ५ चा वर्ग २५. त्याला ४६ ने गुणले तरी उत्तर ११५० च येते. मात्र धातू तापला की त्याचा रोध वाढतो. म्हणून साध्या तारेच्या दिव्याचा रोध जाणावयाचा तर तो पेटलेला असतानाच मापे घ्यावी लागतात; थंड दिव्याचा रोध त्याहून कितीतरी कमी भरतो.

या नियमासाठी ओमने आपली उपजीविका पणास लावली होती. अर्ध्या पगारी रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि १८२७ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे विद्यापीठात जागा मिळेल, ही त्याची आशा. परंतु विजेच्या विषयात इतके गणित अनेक जर्मन पंडितांना रुचले नाही. काहींनी टीका केली, बहुतेकांनी दुर्लक्ष केले. १८२८ मध्ये कोलोनची नोकरीही त्याने सोडली. न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत स्थिर जागा मिळाली ती १८३३ मध्ये. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले, आणि म्यूनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यासन लाभले तेव्हा १८५२ साल उजाडले होते. १८५४ मध्ये तो निवर्तला.

१८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेने दाबाच्या एककाला व्होल्टाचे, प्रवाहाच्या एककाला आंपेरचे आणि रोधाच्या एककाला ओमचे नाव दिले. ज्या तीन राशी ओमने एकमेकींपासून वेगळ्या काढल्या, त्यांची नावे त्या दिवशी एकत्र आली.