वर्गणीचा डॉक्टर

ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या ट्रेडेगर या गावात १८९० मध्ये कोळसा आणि लोखंडाच्या कामगारांनी आपापल्या मदतनिधींची मोट बांधली आणि आजारपणासाठी एकच संस्था उभी केली. पुढे ती ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटी म्हणून नावारूपाला आली. मजुरीच्या दर पौंडामागे तीन पेन्स वर्गणी पगारातूनच कापली जाई. जास्त कमावणारा जास्त देई, उपचार मात्र ज्याला जेवढे लागतील तेवढे. डॉक्टर संस्थेचा पगारी माणूस होता, त्यामुळे त्याच्या दारात उभं राहताना खिसा चाचपावा लागत नसे.

आज अमेरिकेत ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ या नावाने, ठरलेली मासिक फी थेट डॉक्टरला देण्याची जी पद्धत नवी म्हणून सांगितली जाते, तिचं कूळ या वर्गणीत आहे. ही कल्पना कुणा व्यवस्थापनतज्ज्ञाची नाही. एका आजारपणात घर बसेल या भीतीने एकत्र आलेल्या मजुरांची ती आहे. ट्रेडेगरच्याही आधी इंग्लंडमध्ये ऑड फेलोज, फॉरेस्टर्स अशी परस्पर मदतीची मंडळं सभासदांसाठी डॉक्टर बांधून घेत. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या ‘लॉज’ म्हटल्या जाणाऱ्या तशाच मंडळांनी तेच केलं. तिथे सभासदामागे वर्षाला एखाद-दोन डॉलरवर डॉक्टर मिळे. वैद्यकीय संघटनांना हे खपत नव्हतं. कामगारांनी डॉक्टर नेमावा आणि पटला नाही तर बदलावा, हे त्यांना अपमानास्पद वाटे. पण तपासणीच्या दर्जाबद्दलची त्यांची तक्रार सगळीच खोटी नव्हती: शेकडो माणसं एका डॉक्टरच्या गळ्यात मारली की तपासणी उरकून टाकली जायची.

ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ही प्रथा सरकारने उचलली. कामगाराने यादीतला डॉक्टर निवडायचा, डॉक्टरला नोंदलेल्या माणसामागे ठराविक रक्कम मिळायची. ट्रेडेगरमध्येच जन्मलेला खाणकामगार अन्युरिन बेव्हन १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. लंडनला गेलेला आपला मराठी माणूस जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवतो, तेव्हा त्या डॉक्टरच्या उत्पन्नाचा मोठा भाग आजही माणशी ठरलेल्या रकमेतून येतो. वर्गणी फक्त करात विरघळली.

अमेरिकेत गोष्ट वेगळी वळली, आणि तिथला एक प्रसंग मला साऱ्या कुळकथेत मोलाचा वाटतो. १९३३ मध्ये डॉ. सिडनी गारफिल्ड या तरुण सर्जनने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्यावरच्या मजुरांसाठी बारा खाटांचं रुग्णालय काढलं. विमा कंपन्या पैसे देताना रखडवत, मजुरांकडे पैसे नसत, रुग्णालय बुडायला आलं. मग असं ठरलं की विमा कंपनीने कामावरच्या दुखापतींसाठी दर मजुरामागे रोज पाच सेंट आगाऊ द्यायचे. इतर आजारांसाठी मजूर स्वतःचे आणखी पाच सेंट घालतील. हिशेब उलटला आणि डॉक्टरची नजरही उलटली. आधी जखमी मजूर म्हणजे उत्पन्न होतं, आता तो खर्च झाला. गारफिल्ड कामाच्या जागी जाऊन पायात घुसणारे खिळे काढायला लावू लागला. वर्गणीचं सगळं मर्म एवढंच आहे: माणूस बरा राहण्यात डॉक्टरचा फायदा. पुढे उद्योगपती हेन्री कैसरच्या धरणावर आणि जहाजकारखान्यांत हीच पद्धत वाढली आणि १९४५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

या कुळाची सध्याची शाखा, म्हणजे डायरेक्ट प्रायमरी केअर, सिअ‍ॅटलमध्ये फुटली. १९९६ मध्ये तिथे एमडी स्क्वेअर्ड हा श्रीमंतांसाठीचा दवाखाना निघाला, एका डॉक्टरमागे जेमतेम पन्नास कुटुंबं. त्याच शहरात डॉ. गॅरिसन ब्लिस यांनी १९९७ पासून साध्या माणसाला झेपेल अशी मासिक फी घ्यायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये क्लायन्स ही संस्था काढली. तिच्यात बड्या गुंतवणूकदारांचा पैसा होता, तरी २०१७ मध्ये ती बंद पडली. पद्धत मात्र छोट्या दवाखान्यांतून पसरली. डॉक्टर विमा कंपनीकडे बिलच पाठवत नाही. दोन-अडीच हजारांऐवजी सहाएकशे रुग्ण ठेवतो, त्यामुळे भेटीला अर्धा तास देता येतो आणि फोनही उचलता येतो. साध्या तपासण्या आणि औषधं बहुधा घाऊक भावाच्या आसपास मिळतात. १ जानेवारी २०२६ पासून ही फी, माणशी महिना १५० डॉलरपर्यंत असेल तर, करमुक्त आरोग्य बचत खात्यातून भरता येते.

मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्या, डॉक्टरशी वारंवार बोलावं लागणाऱ्या माणसाला हे जमतं. मालकाकडून विमा न मिळणाऱ्या छोट्या दुकानदाराला, सुताराला, वाहनचालकालाही जमतं. पण या फीत रुग्णालय येत नाही, कर्करोग येत नाही, मोडलेल्या मांडीची शस्त्रक्रियाही येत नाही. त्यासाठी वेगळा विमा हवाच, आणि दोन्ही भरणं न झेपणारा गरीब बाहेरच राहतो. शिवाय प्रत्येक डॉक्टरने रुग्ण कमी केले, तर उरलेल्यांनी कुठे जायचं? ट्रेडेगरच्या वर्गणीत मिळकतीप्रमाणे भार वाटलेला होता. आजच्या फीत तो वाटा गळून पडला आहे. मला हे मोठं नुकसान वाटतं.

तो वाटा सांभाळणारं उदाहरण आपल्याकडे आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने, वर्ध्याजवळच्या गावांत सुगीनंतर ज्वारीच्या रूपात वर्गणी घेतली, तीही ऐपतीप्रमाणे, आणि त्या जोरावर गावाला उपचारांची हमी दिली.

आता आपल्या शहरांतही दवाखाने वार्षिक सभासदत्व विकू लागले आहेत. पैसे भरण्याआधी एका डॉक्टरमागे किती सभासद आहेत ते विचारा, रात्री फोन कोण उचलणार ते विचारा, आणि हे सभासदत्व घेतलं म्हणून रुग्णालयाचा विमा बंद करू नका.