कौल लावणे म्हणजे काय? वाट दिसत नसताना देवाला विचारण्याची कोकणातली रीत

घर बांधायला काढायचे आहे, मुलाला परदेशात नोकरी आली आहे, जमिनीचा व्यवहार समोर आहे. सगळी चौकशी करून झाली, तरी मन एका बाजूला होत नाही. अशा वेळी कोकणातली आणि गोव्यातली अनेक कुटुंबे ग्रामदेवतेच्या किंवा कुलदेवतेच्या देवळात जाऊन 'कौल' घेतात. देवासमोर प्रश्न मांडायचा आणि त्याचा होकार की नकार हे ठरलेल्या खुणेवरून समजून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. गोव्यात यालाच 'प्रसाद' घेणे म्हणतात.

'कौल' हा शब्द कुठून आला?

मूळ शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ शब्द, वचन. (घरावरच्या कौलांशी त्याचा संबंध नाही.) मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द वारंवार येतो. ओसाड पडलेली जमीन पुन्हा लागवडीखाली यावी म्हणून सरकार रयतेला 'कौल' देत असे. सुरुवातीची काही वर्षे सारा कमी घेतला जाईल आणि तो हळूहळू वाढवला जाईल, असे ते आश्वासन असे. पाऊस कसा होईल, पीक किती येईल हे शेतकऱ्याला ठाऊक नसे. मात्र त्या लेखी शब्दावर तो नांगर धरत असे. देवाच्या कौलातही अर्थाची हीच छटा आहे. निवडणुकीनंतर 'जनतेचा कौल' म्हणतात, तोही हाच शब्द.

कौल कसा लावतात?

तपशील गावागणिक बदलतो, पण साधारण क्रम असा असतो:

१. प्रश्न विचारणारा माणूस देवळात येऊन गुरवाला किंवा पुजाऱ्याला अडचण सांगतो. बऱ्याच देवळांत यासाठी वार आणि वेळ ठरलेली असते.

२. गुरव फुलाच्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर किंवा मूर्तीवर ठरलेल्या जागी, उजव्या आणि डाव्या बाजूला चिकटवतो.

३. मग गाऱ्हाणे घातले जाते. कोण आले आहे, कुठून आले आहे, अडचण काय आहे हे देवाला बोलीभाषेत सांगितले जाते. मालवणी मुलखात जमलेली मंडळी त्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ देतात.

४. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर होकार. डावीकडची पडली तर नकार किंवा 'सध्या थांब'. बराच वेळ काहीच पडले नाही, तर प्रश्न नीट मांडला गेला नाही असे मानून तो पुन्हा मांडतात.

प्रश्न हो किंवा नाही असे उत्तर देता येईल असाच असावा लागतो. 'माझे पुढे काय होईल?' असे विचारता येत नाही. 'हे स्थळ पत्करू का?' असे विचारता येते. त्यामुळे देवासमोर उभे राहण्याआधी आपल्याला नेमके काय ठरवायचे आहे, हे माणसाला स्वतःशी स्पष्ट करावे लागते.

सगळे गाव कौलावर चालते तेव्हा

मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा प्रसिद्ध आहे. तिची तारीख पंचांगातल्या तिथीला बांधलेली नाही. दरवर्षी देवीचा कौल घेऊन ती ठरवली जाते. तारीख जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रजा आणि रेल्वेचे आरक्षण यांच्या मागे लागतात.

याच तालुक्यात आचरा गावात काही वर्षांच्या अंतराने 'गावपळण' होते. रामेश्वराचा कौल घेऊन सगळे गाव माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे यांच्यासह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहते. चौथ्या दिवशी परत येण्यासाठी पुन्हा कौल घेतात. तो मिळाला नाही, तर मुक्काम वाढतो. घर डोळ्यांसमोर असते, पण परतायचे कधी हे गावकऱ्यांच्या हातात नसते.

ज्योतिष आणि नवस यांपेक्षा वेगळे काय?

ज्योतिषी पुढे काय घडेल ते सांगतो. नवसात 'तू हे दे, मी ते देईन' असा करार असतो. कौलात या दोन्ही गोष्टी नाहीत. उजवा कौल मिळालेले लग्न सुखाचेच होईल, असे देव सांगत नाही. 'या वाटेने जा' इतकेच मिळते. पुढची वाट माणसाला स्वतः चालावी लागते.

भक्तीच्या सगळ्या परंपरांना अशी खूण लागते असे नाही. तुकाराम महाराजांनी नवसावर कठोर टीका केली. वारकरी संतांच्या शरणागतीत देवाने उत्तर द्यावे ही अटच नसते.

डावा कौल आला तर?

विश्वासाची खरी परीक्षा इथे होते. मनासारखे उत्तर येईपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे जाणती माणसे गैर मानतात. ज्याला 'नाही' ऐकायची तयारी नाही, त्याने कौल लावू नये, असा त्यामागचा विचार. डावा कौल आल्यावर काही जण बेत सोडतात, काही थांबून पुढच्या वर्षी विचारतात.

आक्षेप आणि मर्यादा

पाणी सुकले की पाकळी पडते. वारा, समईची उष्णता, पाकळीचे वजन आणि ती चिकटवणाऱ्याचा हात, यांवर ती आधी कुठली पडेल हे ठरते. चिकित्सक माणसे म्हणूनच कौलाला योगायोग म्हणतात. दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. गाऱ्हाणे कोणी घालायचे, कोणाचा प्रश्न आधी, हे मानपानावर ठरते आणि त्यावरून गावागावांत वाद होतात.

काही प्रश्न कौलावर सोडण्यासारखे नसतात. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचे की नाही, हा त्यातला पहिला. साप किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. कौल लावणाऱ्या अनेक घरांतही आधी दवाखाना, मग देऊळ असाच क्रम असतो.

मग कौलातून काय मिळते?

जिथे दोन्ही वाटा सारख्याच बऱ्या किंवा सारख्याच धोक्याच्या दिसतात, तिथे माणूस निर्णयाच्या ओझ्याने अडून राहतो. कौल ते ओझे वाटून घेतो. भाऊबंदांत मतभेद असतील, तर कोणा एकाची हार न होता निर्णय होतो. पुढे बेत फसला, तर 'तुझ्यामुळे झाले' असे घरात कोणी कोणाला म्हणत नाही. श्रद्धाळू माणसासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वाट अवघड निघाली तरी आपण एकटे निघालो नव्हतो, एवढा आधार त्याच्याजवळ राहतो.